आधी आवाज, मग चेहरा: मराठी बोलणारा आभासी माणूस घडवताना

मीठ-साखर-पाणी घरी कसं करायचं, हे सांगणारा दीड मिनिटाचा व्हिडिओ मी केला होता. चेहरा माझाच, पण बोलणं आणि ओठांची हालचाल संगणकानं घडवलेली. व्हिडिओ आमच्या भागातल्या आशाताईंना दाखवला. चित्राबद्दल कुणी काही बोललं नाही. एकीनं मात्र हळूच विचारलं, "ताई, तुम्ही अशा परक्यासारख्या का बोलताय?" घरी येऊन पुन्हा ऐकलं, तेव्हा लक्षात आलं. यंत्रानं 'चमचा'तले दोन्ही 'च' 'चहा'तल्या 'च'सारखे उच्चारले होते. आठ दिवस मी प्रकाश, केस, त्वचेचा रंग यांच्यावर घालवले होते आणि आवाजाला अर्धा तासही दिला नव्हता.

तेव्हापासून मी कामाचा क्रम उलटा केला. शिक्षक, आरोग्य कार्यकर्ते, शेतीचा सल्ला देणारे, संग्रहालयात माहिती सांगणारे अशा कुणालाही स्वतःचा आभासी निवेदक करायचा असेल, तर हाच क्रम धरावा असं माझं ठाम मत आहे.

तीन वाटा, आणि आपली कोणती

आभासी माणूस घडवण्याची पहिली वाट शिल्पकाराची. चेहऱ्याचं त्रिमित मोजमाप घ्यायचं, त्वचेवर प्रकाश कसा पडतो ते टिपायचं आणि मग एकेक स्नायू हलवायचा. २००८ साली पॉल डेबेवेक यांच्या गटानं दिव्यांच्या गोल पिंजऱ्यात एका अभिनेत्रीचा चेहरा असा टिपला आणि तिची डिजिटल प्रतिकृती बोलती केली. अशा कामाला तेव्हा स्टुडिओ लागत असे. २०२१ मध्ये एपिक गेम्सनं मेटाह्यूमन क्रिएटर आणलं आणि तसा चेहरा घरच्या संगणकावर घडवता येऊ लागला. खेळ, चित्रपट किंवा सगळ्या बाजूंनी फिरणारं पात्र करायचं असेल, तर ही वाट घ्यावी. एका पाठाच्या व्हिडिओसाठी ती फार लांबची आहे.

दुसरी वाट चित्रांतून शिकण्याची. २०१४ मध्ये इयन गुडफेलो आणि सहकाऱ्यांनी दोन जाळी, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या दोन संगणकीय रचना, एकमेकांसमोर उभी केली. एक खोटं चित्र काढतं, दुसरं ते पकडतं, आणि या चढाओढीत दोन्ही शहाणी होतात. एनव्हिडियाच्या स्टाइलगॅननं २०१८ च्या अखेरीस त्यातून कधीच अस्तित्वात नसलेल्या माणसांचे खरे वाटणारे फोटो काढून दाखवले. पण ती माणसं बोलत नव्हती.

तिसरी वाट आपली. खऱ्या माणसाचा व्हिडिओ घ्यायचा, त्याला नवा आवाज द्यायचा आणि फक्त ओठ त्या आवाजाप्रमाणे हलवायचे. यातलं एक महत्त्वाचं काम हैदराबादच्या आयआयआयटीत झालं. सी. व्ही. जवाहर यांच्या गटातल्या संशोधकांनी २०२० मध्ये 'वेव्ह-टू-लिप' प्रसिद्ध केलं. त्याची रचना समजून घेतली की पुढच्या बऱ्याच चुका टळतात. ते चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग झाकतं आणि आवाजावरून तो पुन्हा रंगवतं. ओठ आवाजाशी जुळले की नाही, हे तपासणारं वेगळं जाळं आधीच शिकवून ठेवलेलं असतं. शिकताना सगळं मॉडेल बीबीसीच्या इंग्रजी कार्यक्रमांवर वाढलं, तरी ते मराठीवर चालतं, कारण त्याला शब्द कळत नाहीत, ते फक्त ध्वनी ऐकतं.

माझा सगळा आग्रह इथूनच येतो. 'ल' आणि 'ळ' ओठांवर जवळपास सारखेच दिसतात, कारण फरक जिभेच्या टोकाचा आहे आणि जीभ तोंडात असते. 'चार'मधला 'च' आणि 'चारा'मधला 'च' यांचंही तसंच. मराठीपण ओठांवर फारसं दिसत नाही, ते कानालाच कळतं. त्यामुळे ओठ जुळवणारं साधन कितीही चांगलं असलं, तरी आवाज परका असेल तर माणूस परकाच वाटणार.

सुरुवात परवानगीपासून

चेहरा आणि आवाज स्वतःचा असेल तर उत्तम. दुसऱ्याचा असेल तर तोंडी 'हो' पुरत नाही. साध्या मराठीत एक पान लिहा: कोणत्या विषयांसाठी वापरणार, कोणत्या भाषांत, किती काळ, मोबदला काय, आणि उद्या त्या व्यक्तीनं नको म्हटलं तर मूळ फायली किती दिवसांत पुसणार. आवाजाची परवानगी चेहऱ्यापासून वेगळी घ्या. चेहऱ्याला होकार देणारी माणसं आवाजाच्या नकलेला नकार देतात, आणि तो त्यांचा हक्क आहे.

प्रसिद्ध व्यक्तीचा चेहरा किंवा आवाज कधीही घेऊ नका. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये गायक अरिजीत सिंग यांच्या आवाजाच्या कृत्रिम नकलेविरुद्ध त्यांना संरक्षण दिलं. संगणकाच्या मदतीनं दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणूक केली, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर यांचा बनावट व्हिडिओ एका गेमिंग ॲपच्या जाहिरातीत फिरला आणि त्यांना स्वतः पुढे येऊन तो खोटा असल्याचं सांगावं लागलं. त्यांचं म्हणणं जगभर लगेच पोचतं. गावातल्या शिक्षिकेचं पोचणार नाही, म्हणून आपण जास्त काटेकोर राहायचं.

वारलेल्या माणसांबद्दल माझं मत कडक आहे. जिवंतपणी त्यांनी स्पष्ट सांगून ठेवलं नसेल, तर त्यांना बोलतं करू नये. घरातल्यांचं प्रेम समजतं, पण जे शब्द त्यांनी कधी उच्चारले नाहीत ते त्यांच्या तोंडी घालायचा अधिकार प्रेमातून मिळत नाही.

संहिता कानासाठी लिहा

मीठ-साखर-पाण्याचंच उदाहरण घेऊ. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, आणि चमचा चहाचा. एवढ्या वाक्यात 'चमचे', 'चमचा' आणि 'चहाचा' एकत्र आले. आपण 'चमचा'तला शेवटचा 'च' दातांजवळ उच्चारतो, पण 'चमचे' म्हणताना 'ए'मुळे तोच 'च' टाळूकडे सरकतो. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. यंत्राला मात्र सांगावं लागतं, आणि बऱ्याचदा सांगूनही जमत नाही. त्यात हे प्रमाण जीवनमरणाचं. मीठ जास्त झालं तर बाळाला अपाय होतो, त्यामुळे 'अर्धा' शब्द गिळला गेलेला मला चालत नाही.

म्हणून संहिता लिहिताना हे पाळते. वाक्य एका श्वासात संपेल एवढंच ठेवते. आकडे अक्षरांत लिहिते, '१.५' न लिहिता 'दीड', '२.५' न लिहिता 'अडीच'. 'कि.मी.', 'मि.ली.' असे संक्षेप पूर्ण लिहिते. महत्त्वाच्या प्रमाणाआधी आणि नंतर अर्ध्या सेकंदाची शांतता ठेवते, त्यासाठी संहितेत तिरकी रेघ मारते. आणि एका तुकड्यात पंचवीस-तीस सेकंदांपेक्षा जास्त मजकूर ठेवत नाही, म्हणजे चूक सापडली तर तेवढाच तुकडा पुन्हा करावा लागतो.

आवाज: इथे वेळ घालवा

सगळ्यात चांगला मार्ग सोपा आहे. स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रण करा आणि यंत्राकडून फक्त ओठ हलवून घ्या. पंखा बंद, खिडक्या बंद, भोवती गोधड्या किंवा कपड्यांचं उघडं कपाट, मोबाइल तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला, म्हणजे 'फ' आणि 'भ'ची हवा माइकवर आदळत नाही. मग तुम्ही विचाराल, आवाजही आपलाच आणि चेहराही आपलाच, तर थेट चित्रीकरणच का नको? कारण मजकूर बदलतो. एक प्रमाण, एक तारीख, एक दूरध्वनी क्रमांक बदलला की पुन्हा साडी, प्रकाश, कॅमेरा हे सगळं मांडावं लागतं. इथे तेवढं वाक्य पुन्हा बोललं की काम झालं.

यंत्राचाच आवाज हवा असेल, तर मराठीसाठी आता पर्याय आहेत. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत 'आरोही' आणि 'मनोहर' हे दोन मराठी आवाज आहेत. आयआयटी मद्रासमधल्या एआयफॉरभारत गटाच्या सहभागातून आलेलं इंडिक पार्लर हे मजकूर वाचून बोलणारं मॉडेल मुक्त स्वरूपात मिळतं आणि त्यात मराठी आहे. केंद्र सरकारचा भाषिणी उपक्रमही मराठी आवाज देतो. मुक्त मॉडेलं शोधताना एक काळजी घ्या: एक्सटीटीएसच्या दुसऱ्या आवृत्तीसारख्या काहींत हिंदी आहे, मराठी नाही. लिपी एकच असल्यामुळे ते मराठी मजकूर बिनतक्रार वाचतात, हिंदीसारखा.

तो हिंदीपणा कुठे सापडतो, ते माझ्या वहीतून देते. कोणताही आवाज निवडण्याआधी या शब्दांवर तो पारखा.

'केलं', 'घातलं', 'उकळलेलं पाणी'. शेवटचा अनुस्वार आपण नाकात बोलत नाही, 'अ' थोडा लांबवतो. परका आवाज तिथे नाक लावतो किंवा 'म्' ऐकवतो. 'कृषी', 'कृपया', 'ऋतू'. आपला 'ऋ' 'रु'कडे झुकतो, हिंदीचा 'रि'कडे. 'विज्ञान', 'ज्ञान'. आपण 'द्न्य' म्हणतो, हिंदीत 'ग्य' होतो. 'पैसा', 'औषध'. आपले 'ऐ' आणि 'औ' स्पष्ट 'अइ', 'अउ' असे असतात, हिंदीत ते पसरट होतात. 'संवाद', 'सिंह'. 'जरा थांबा' आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगून दाखव. 'पाच', 'चाक', 'चूल', 'माझा', 'माझी'. 'बाळ', 'डोळे', 'जवळ'.

दूरदर्शन किसाननं २६ मे २०२४ रोजी कृष आणि भूमी हे दोन आभासी निवेदक आणले, पन्नास भाषांत बोलण्याच्या उद्देशानं. ती बातमी वाचताना पहिला विचार हाच आला की 'कृष' हे नाव मराठीत, गुजरातीत आणि हिंदीत तीन तऱ्हांनी कसं म्हणायचं. एकाच चेहऱ्याला अनेक भाषा देण्यातली खरी मेहनत तिथे असते.

शब्द चुकत असेल तर मजकुरात तो उच्चाराप्रमाणे लिहून बघा: 'विद्न्यान', 'क्रुपया'. 'केलं'ऐवजी 'केल' आणि पुढे अवग्रह (ऽ) टाकूनही काही वेळा काम होतं. 'च' आणि 'ज' मात्र बऱ्याच आवाजांत असे सुधारत नाहीत, तेव्हा तो शब्दच बदला. नाहीतर तेवढं वाक्य स्वतःच्या आवाजात घ्या आणि मग सगळाच तुकडा स्वतःच्या आवाजात घ्या, कारण दोन आवाजांचा सांधा लगेच ऐकू येतो.

आवाज पक्का झाला की एका वयस्कर माणसाला तो डोळे मिटून ऐकायला आणि ऐकलेलं परत सांगायला सांगा. त्यांनी सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ बरोबर सांगितलं, तरच पुढे जा.

चेहऱ्याचं चित्रीकरण

इथे थोडक्यात आटपता येतं. खिडकीसमोर तोंड करून बसा, खिडकी पाठीमागे नको. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, तिकाटण्यावर. समोर कुणी बोलतंय आणि आपण ऐकतोय, अशा भावानं ओठ मिटून दोन मिनिटं बसा. मान हलकीच हलू द्या, पापण्या आपोआप मिटू द्या. निवांत माणूस मिनिटाला साधारण पंधरा ते वीस वेळा पापण्या मिटतो, आणि त्या मिटल्या नाहीत की पाहणाऱ्याला अस्वस्थ वाटू लागतं. सुरुवातीची आणि शेवटची बैठक सारखी ठेवा. मजकूर लांब असेल तर तोच व्हिडिओ आधी सुलटा आणि मग उलटा चालवून सांधा न दिसता लांबवता येतो.

चेहऱ्याचा खालचा भाग मॉडेल पुन्हा रंगवतं, हे वर सांगितलं. म्हणून नथ घालू नका. ती नेमकी ओठांवर येते आणि दर चित्रचौकटीत (फ्रेममध्ये) वेगळी वितळते. दाट मिशी, गळ्यापाशी उंच गुंडाळलेली ओढणी, हनुवटीवर टेकलेला हात हेही टाळा. चष्म्याच्या काचेवर खिडकी चमकत असेल तर मान किंचित खाली घ्या.

मोबाइलचे व्हिडिओ बहुधा बदलत्या वेगानं नोंदले जातात, कधी सेकंदाला तीस चौकटी, कधी अठ्ठावीस. डोळ्यांना ते कळत नाही, पण मिनिटभरानंतर ओठ आवाजाच्या मागे पडत जातात. मी दोन दिवस मॉडेलला दोष देत बसले होते, आणि कारण एवढंच निघालं. हँडब्रेकसारख्या मोफत साधनात 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून सेकंदाला २५ चौकटींवर बदलून घ्या, मगच पुढचं काम.

ओठ जुळवणं

साधन निवडताना आधी परवाना वाचा. वेव्ह-टू-लिपचं मुक्त मॉडेल संशोधनासाठी आणि वैयक्तिक वापरासाठी आहे, व्यावसायिक कामासाठी नाही. नंतर सॅडटॉकर आलं, ते एका फोटोवरूनही बोलतं, पण दहा-पंधरा सेकंदांनंतर फोटोचं निर्जीवपण जाणवू लागतं. टेन्सेंटचं म्यूझटॉक आणि बाइटडान्सचं लेटंटसिंक ही २०२४ मधली मॉडेलं चेहरा अधिक स्पष्ट काढतात. वेव्ह-टू-लिप चेहरा अवघ्या ९६ बाय ९६ पिक्सेलमध्ये रंगवतं, त्यामुळे जवळून घेतलेल्या मोठ्या चित्रात ओठ पुसट दिसतात. ते वापरणार असाल तर व्हिडिओ १०८० ऐवजी ७२० वर आणून बघा, निकाल बहुधा सुधारतो. हनुवटी तुटल्यासारखी दिसली तर मॉडेल चेहऱ्याभोवती जी चौकट आखतं तिची खालची कड वीसेक पिक्सेल वाढवा. ओठ जागेवरून सरकलेले किंवा दोन तोंडं दिसली, तर त्या चौकटीचं गुळगुळीतीकरण बंद करून पुन्हा चालवा.

ही मॉडेलं चालवायला लागणारं ग्राफिक्स कार्ड नसेल तर सिंथेसिया, हेजेन यांसारख्या सशुल्क सेवा हेच काम त्यांच्या संगणकावर करून देतात. मग मात्र तुमचा चेहरा त्यांच्याकडे जातो. तो पुसण्याची सोय कुठे आहे, हे नाव नोंदवण्याआधी शोधा.

मॉडेलला १६ किलोहर्ट्झवर नोंदलेला कमी दर्जाचा आवाज पुरतो, पण अंतिम व्हिडिओत तो तसाच ठेवू नका. ओठ जुळले की संकलनात मूळ स्वच्छ ध्वनिमुद्रण पुन्हा त्या जागी बसवा.

तपासणी

पहिल्यांदा आवाज बंद करून पाहा. 'प', 'ब', 'म' येतात तिथे ओठ पूर्ण मिटतात का? 'मीठ', 'पाणी', 'बाळ' या शब्दांवर थांबून चौकट-चौकट बघा. ओठ उघडे राहून 'मीठ' ऐकू आलं, तर मेंदू ते लगेच पकडतो. दुसऱ्यांदा आवाजासह. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारण शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की प्रेक्षकांना जाणवू लागतं. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर एक चौकट ४० मिलिसेकंदांची. म्हणजे आवाज पुढे धावत असेल तर एका चौकटीचीच सूट आहे, मागे असेल तर तीनची. शंका असेल तेव्हा आवाज एक चौकट मागे सरकवा.

तिसऱ्यांदा, ज्यांच्यासाठी केलं त्यांच्या मोबाइलवर, त्यांच्या अंगणात, त्यांच्याबरोबर बसून पाहा. जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडलं होतं की माणसासारखी वस्तू जवळजवळ माणूस होते, त्याच टप्प्यावर ती अंगावर काटा आणते; आपलेपणाच्या या घसरणीला त्यांनी दरी म्हटलं. त्या दरीत पडायला माझ्या अनुभवात डोळे आणि दात ही दोन ठिकाणं पुरेशी होतात. दात चमकत-विझत असतील तर चेहरा लहान करा, म्हणजे कंबरेपासूनचं चित्र ठेवा. चेहरा धारदार करणारी साधनं वापरून पाहिली, पण ती दर चौकटीत दात नव्यानं घडवतात, आणि आशाताईंपैकी दोघींना ते हसू भीतिदायक वाटलं.

कृत्रिम आहे, हे सांगणं

२० फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांतल्या दुरुस्तीनुसार कृत्रिमरीत्या घडवलेल्या दृक्-श्राव्य मजकुरावर ठळक खूण हवी. पण मी ती कायद्याच्या आधीपासून लावत होते. पहिलं वाक्य निवेदिकाच बोलते: "नमस्कार, माझा चेहरा खऱ्या ताईंचा आहे, पण हा व्हिडिओ संगणकानं तयार केला आहे." आणि कोपऱ्यात 'संगणकनिर्मित' ही पट्टी शेवटपर्यंत राहते, कारण व्हिडिओ कापून पुढे पाठवले जातात आणि सुरुवात गळून पडते. वाचता न येणाऱ्यांसाठी बोललेलं वाक्य, उशिरा पाहणाऱ्यांसाठी पट्टी. दोन्ही हवं. हे ऐकल्यावर लोकांचा विश्वास उडेल अशी भीती मला होती. झालं उलट. त्यांनी प्रश्न विचारले, आणि मीठ किती हा प्रश्न त्यात सगळ्यात जास्त वेळा आला.

प्रश्नांना उत्तरं देणारा निवेदक

पुढची इच्छा प्रत्येकाला होते: समोरच्यानं विचारावं आणि आभासी माणसानं लगेच उत्तर द्यावं. त्यासाठी ऐकणारं, उत्तर रचणारं, बोलणारं आणि चेहरा हलवणारं अशी चार यंत्रं एकामागे एक चालतात. माणसं बोलताना एकमेकांच्या वाक्यांत सरासरी पाव सेकंदाहूनही कमी अंतर ठेवतात. ही साखळी तेवढ्यात सहसा उत्तर देऊ शकत नाही, आणि त्या थांबलेल्या चेहऱ्याकडे बघत राहणं अवघड जातं. संग्रहालयाच्या दालनात किंवा शाळेच्या प्रदर्शनात हा प्रयोग जरूर करा. आरोग्याच्या सल्ल्यासाठी मी करणार नाही. उत्तर रचणारं यंत्र चुकलं, तर चूक माझ्या चेहऱ्यानं सांगितलेली असेल, आणि ऐकणारी आई ती माझी म्हणूनच पाळेल.

मूळ फायली

दोन मिनिटांचा ओठ मिटलेला व्हिडिओ आणि स्वच्छ आवाजाचे तास, हे दोन्ही कुणाच्या हाती लागले तर तुमच्या तोंडी काहीही घालता येईल. ते सामाईक ड्राइव्हवर ठेवू नका, व्हॉट्सॲपवर पाठवू नका. वेगळ्या डिस्कवर कुलूपबंद ठेवा आणि कुणाला कधी दिले ते वहीत लिहा. त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी चुकलेले उच्चार लिहिते. सध्या शेवटची नोंद 'झाडाची साल' अशी आहे. 'झ' अजून जमत नाही, म्हणून ते वाक्य मी स्वतः बोलले आहे.